टाकीच्या पोटात काय आहे?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)



कवीला रेडिओवर बोलावलं, की तो पावसावर, आईवर नाहीतर नदीवर बोलेल असं लोक धरून चालतात. मी त्र्यंबकेश्वरचा. पाऊस आणि गोदावरी दोन्ही माझ्या दारातच आहेत. पण आज मी तुमच्याशी लोखंडाच्या टाक्यांबद्दल बोलणार आहे. वेल्डिंग करून पूर्ण झालेली टाकी पुन्हा भट्टीत घालून तापवावी लागते, ती केव्हा आणि कशासाठी, हा माझा आजचा विषय आहे.

तुम्ही म्हणाल, हा कवीचा प्रांत नव्हे. खरं आहे. पण कवितेवर घर चालत नाही. बी.ए. झालो आणि त्र्यंबक रोडवरच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत, रासायनिक कारखान्यांसाठी टाक्या आणि पात्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात कागदपत्रं सांभाळायला लागलो. ड्रॉइंग, डेटाशीट, तपासणीचे दाखले, भट्टीचे तक्ते. सकाळच्या एस.टी.नं जायचं, संध्याकाळच्या एस.टी.नं यायचं. यंत्रशास्त्र मी शिकलो नाही. जे कळलं ते टायपिंग करता करता, आणि नानांसारख्या माणसांना विचारून. नाना आमच्याकडे तपासनीस होते. दिवसातून दहा प्रश्न विचारले तरी चिडत नसत.

पण या विषयाची पहिली ओळख मला सातपूरला नाही, घरीच झाली होती.

माझे अब्बा कल्हईवाले. त्र्यंबकच्या पेठेत एका ओट्यावर त्यांचा भाता असायचा. भांडं निखाऱ्यावर तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची, कथील फिरवायचं आणि कापसाच्या बोळ्यानं आतून पुसून घ्यायचं. नवसागर पडला की पांढरा धूर उठायचा आणि नाकात झिणझिण्या यायच्या. एका पावसाळ्यानंतर शेजारच्या काकू पितळेची घागर घेऊन आल्या. उन्हाळ्यात घागरीला पोचा पडला होता. एका फिरत्या कारागिरानं तो ठोकून काढला होता. नंतर घागर चार महिने गोठ्यात पडून होती. आता तिच्या पोटावर, जिथं ठोकलं होतं तिथंच, केसासारख्या भेगा पडल्या होत्या. काकू म्हणाल्या, "अहो, हिला कुणी हातसुद्धा लावला नाही." अब्बांनी घागर उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाले, "पोचा काढला, पण नंतर शेकली नाही. मार तसाच आत राहिला."

अब्बांना धातुशास्त्र ठाऊक नव्हतं. पण ते तांबट आळीत वावरलेले होते. तांबट भांडं ठोकतो, मग भट्टीत घालतो, पुन्हा ठोकतो, पुन्हा भट्टीत घालतो. ठोकून ठोकून धातू कडक होतो, त्याच्या आत ताण साठतो, आणि आगीत तो ताण सुटतो. हे तांबटाला हातानं कळतं.

पुढे कितीतरी वर्षांनी नानांनी मला एक गोष्ट सांगितली, तेव्हा ती घागर आठवली. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. ती कुणी उडवलेली नसत, कुणी आपटलेली नसत. कोठारात नुसती ठेवलेली असत. दर पावसाळ्याला हे होई, म्हणून त्या भेगांना नाव पडलं 'सीझन क्रॅकिंग', म्हणजे ऋतूची भेग. १९२१च्या सुमारास ब्रिटिश धातुशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की दोष ऋतूचा नव्हता, अमोनियाचा होता. काडतुसं तबेल्यांजवळ ठेवलेली असत. घोड्यांच्या मुताचा अमोनिया दमट हवेत मिसळायचा, आणि साच्यातून ओढून काढलेल्या पितळात जो ताण कोंडून राहिला होता, त्याच्यावर तो अमोनिया काम करायचा. उपाय साधा निघाला. काडतूस तयार झाल्यावर हलक्या आंचेवर तापवून घ्यायचं. ताण सुटला, की तोच अमोनिया पितळाला तडा देऊ शकत नाही. काकूंचा गोठा आणि फौजेचा तबेला, दोन्हीकडे एकच गोष्ट घडली होती.

आता पितळाकडून पोलादाकडे येऊ.

दोन प्लेटा वेल्डिंगनं जोडायच्या म्हणजे मधलं पोलाद वितळवायचं. पोलाद सुमारे दीड हजार अंशांना वितळतं. वितळलेला रस थंड होताना आक्रसतो. पण दोन्ही बाजूंची प्लेट थंड आणि पक्की असते, ती त्याला आक्रसू देत नाही. मग ती ओढाताण तशीच गोठून राहते. बाहेरून जोड सुंदर दिसतो, क्ष-किरण चाचणीत निर्दोष ठरतो, पाण्याच्या दाबाची चाचणीही पार करतो. पण आतला ताण कधीकधी इतका असतो, की त्याहून थोडा जास्त झाला तर पोलाद कायमचं ताणलं जाईल. टाकी रिकामी असली, तिच्यावर कसलाही दाब नसला, तरी हा ताण असतोच. त्यात आणखी एक गोष्ट होते. वेल्डच्या शेजारची जी पट्टी एकदम तापते आणि झपाट्यानं निवते, ती कडक आणि ठिसूळ होऊ शकते.

यावर उपाय आहे भट्टी. कारखान्यात त्याला कुणी लांबलचक नाव घेत नाही. 'एस.आर.' म्हणतात. स्ट्रेस रिलीव्हिंग, म्हणजे ताण सोडवणं. साध्या कार्बन पोलादाची टाकी बोगीवर ठेवून भट्टीत ढकलतात. तिच्या अंगावर ठिकठिकाणी थर्मोकपलच्या तारा लावतात. मग हळूहळू तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतात. जाडीच्या दर २५ मिलिमीटरला साधारण एक तास या हिशेबानं तिथं धरून ठेवतात. नंतर सव्वाचारशे अंशांपर्यंत बेताबेतानं उतरवतात, घाई करत नाहीत. ६०० अंशांना पोलाद वितळत नाही, फक्त त्याचा ताठा कमी होतो. आत कोंडलेला ताण त्याला सावकाश सैल करून टाकता येतो. कडक झालेली पट्टीही नरम पडते. हे सगळं होत असताना रेकॉर्डरची पेन तक्त्यावर रेघ ओढत असते. चढण, माथ्यावरची सपाटी, उतार. आमच्या ब्रह्मगिरीच्या पठारासारखी आकृती. असे शेकडो तक्ते मी फायलींना लावले.

भट्टी फुकट नसते. इंधन लागतं, दिवस मोडतो, मोठी टाकी वाहून न्यावी लागते. म्हणून प्रश्न येतो, की प्रत्येक टाकीला हे करायचं का? तर नाही. मग कुणाला करायचं?

याचं एक उत्तर नियमांच्या पुस्तकात मिळतं, आणि ते जाडीवर आहे. दाबाच्या पात्रांसाठी आपल्याकडेही मोठ्या प्रमाणावर वापरली जाते ती अमेरिकन यंत्र अभियंत्यांच्या संस्थेची संहिता. तिच्यानुसार साध्या कार्बन पोलादाची जाडी ३८ मिलिमीटरच्या वर गेली, की एस.आर. सक्तीचं होतं. प्लेट जाड असली की आतला ताण अधिक गुंतागुंतीचा होतो, हे समजण्यासारखं आहे. प्लेट मोजायला पट्टी पुरते. त्यामुळे हे उत्तर सर्वांना पाठ असतं. "किती एम.एम.? दहा? मग एस.आर. नको." हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं.

पण दुसरं उत्तर पट्टीनं मोजता येत नाही. ते टाकीच्या पोटात काय भरणार, यावर आहे.

नाना हे बोटांवर समजावून सांगत. "भेग पडायला तीन जण एकत्र यावे लागतात," ते म्हणत. "एक, आतला ताण. दोन, तो ताण सहन न होणारा धातू. तीन, नेमकं त्याच धातूला बाधणारं द्रव्य. तिघांतला एक काढून घे, भेग पडणार नाही." मग एकेक बोट मिटत. द्रव्य बदलता येत नाही, कारण कारखाना त्याच्यासाठीच उभा आहे. धातू बदलला तर खर्च कुठल्या कुठे जातो. राहिला ताण. तो मात्र आपल्या हातात आहे. म्हणून प्लेट दहा मिलिमीटरची का असेना, पोटातलं द्रव्य वाईट असेल तर टाकी भट्टीत घालायची.

पोलादाला बाधणारी ही द्रव्यं काही दूरदेशीची नाहीत. नाशिक जिल्ह्यात फळं ठेवायला शीतगृहं आहेत. त्यांतल्या कितीतरी ठिकाणी अमोनियावर थंडावा तयार होतो. पितळाचा वैरी असलेला अमोनिया पोलादालाही सोडत नाही. कोरडा द्रव अमोनिया आणि त्यात शिरलेली थोडीशी हवा एवढं वेल्डजवळ भेगा पाडायला पुरतं. गंमत अशी, की त्यात फक्त ०.२ टक्के पाणी असलं तर हा धोका पुष्कळ कमी होतो. साखर कारखान्यात रस आटवणाऱ्या पात्रांतली कीट काढायला कॉस्टिक सोड्याचं द्रावण उकळतात. माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत कच्च्या तेलातलं गंधक बाहेर काढताना हायड्रोजन सल्फाइड निघतो. सडक्या अंड्यासारख्या वासाचा हा विषारी वायू ओलसर असला, की पोलादात हायड्रोजन घुसवतो, आणि वेल्डशेजारची कडक पट्टी तडकते. तो वायू धुऊन काढायला अमीन नावाची रसायनं वापरतात. त्यांचंही पोलादाशी पटत नाही.

पोटाकडे न बघता नुसती जाडी बघितली तर काय होतं, याची एक मोठी नोंद जगात आहे. अमेरिकेत शिकागोजवळ रोमिओव्हिल इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात २३ जुलै १९८४ रोजी अमीनचा एक उंच मनोरा फुटला आणि आगीत १७ माणसं गेली. मनोऱ्याचा वरचा भाग जवळजवळ एक किलोमीटर लांब जाऊन पडला. १९७४ मध्ये त्या मनोऱ्याचा एक पट्टा जागेवरच बदलला होता. पोलादाची जाडी सुमारे २५ मिलिमीटर. जाडीच्या नियमात भट्टीची सक्ती बसत नव्हती, म्हणून वेल्डिंगनंतर तो भाग तापवला नाही. वेल्डशेजारी कडक पट्टी राहिली. हायड्रोजन तिच्यात दहा वर्षं मुरत राहिला. नियम कुणी मोडला नव्हता, पण पोटातल्या द्रव्याला त्या नियमाशी काही देणंघेणं नव्हतं.

त्यानंतरही हा धडा नव्यानं शिकावा लागला. २ एप्रिल २०१० रोजी अमेरिकेतच अ‍ॅनाकॉर्टिस इथं एक हीट एक्स्चेंजर फुटला आणि सात कामगारांचा जीव गेला. तिथं फार तापलेला हायड्रोजन होता. पोलादातल्या कार्बनशी त्याची गाठ पडून आत मिथेन तयार होतो आणि पोलाद आतून फाटत जातं. त्या उपकरणातही वेल्डजवळचे भाग भट्टीतून गेलेले नव्हते. कुठल्या तापमानाला कुठलं पोलाद चालेल हे सांगणारे आलेख तेल उद्योगात अनेक दशकं वापरात होते. २०१६ मध्ये त्या आलेखांत वेल्डिंगनंतर न तापवलेल्या कार्बन पोलादासाठी वेगळी, अधिक सावध रेषा घालण्यात आली.

आता मी आमच्याकडे घडलेली गोष्ट सांगतो. ती या दुर्घटनांपुढे लहान आहे. तिची बातमी कुठं छापून आली नाही. ग्राहकाचं आणि आमच्या कारखान्याचं नाव मी घेणार नाही, कारण दोष कुणा एकाचा नव्हता. आणि त्यात थोडा माझाही होता.

१९९८ साली कॉस्टिक लाय साठवायच्या एका टाकीची ऑर्डर आली. लाय म्हणजे कॉस्टिक सोड्याचं पाण्यातलं जवळजवळ ५० टक्क्यांचं द्रावण. प्लेट दहा मिलिमीटर. टाकी आडवी. साहेबांनी फोनवर माहिती घेतली आणि मी डेटाशीट टाइप केलं. 'द्रव्य' या रकान्यात कॉस्टिक लाय. 'तापमान' या रकान्यात सामान्य. पन्नास टक्के कॉस्टिक साधारण ४५ ते ५० अंशांच्या खाली असेल, तर न तापवलेल्या पोलादातही ते गुण्यागोविंदानं राहतं. त्याच्या वर गेलं तर एस.आर. लागतं. आणखी वर गेलं तर पोलाद सोडून निकेलकडे वळावं लागतं. सामान्य तापमान म्हणजे एस.आर. नको. हिशेब बरोबर होता.

पण त्याच पानावर, सहा-सात ओळी खाली, मी आणखी एक ओळ टाइप केली होती. 'वाफेचं कॉइल – १ नग.'

ते कॉइल कशासाठी, असं मी विचारलं नाही. साहेबांनी विचारलं नाही. ड्रॉइंग काढणाऱ्यानंही विचारलं नाही. ग्राहकाला ते सांगण्यासारखं वाटलं नाही, कारण त्याच्या लेखी ते उघडच होतं. पन्नास टक्क्यांची लाय १२ अंशांच्या आसपास गोठू लागते. आपल्याकडचा हिवाळा तुम्हाला ठाऊक आहे. निफाडचा पारा कितीतरी वर्षी पाच अंशांच्या खाली जातो. पहाटे लाय घट्ट झाली तर पंप चालत नाही. म्हणून रात्रपाळीचा माणूस वाफ सोडायचा आणि गरमागरम लाय सकाळी तयार असायची. टाकीचं सरासरी तापमान कुणी मोजलं असतं तर ते सामान्यच भरलं असतं. पण कॉइलचा पाइप जिथं टाकीत शिरत होता, तिथल्या वेल्डला रात्रभर वाफेची धग लागत होती. शिवाय टाकी रिकामी करायची वेळ आली, की आधी पाण्यानं न धुता थेट वाफ मारून साफ करायची पद्धत होती. आत चिकटून राहिलेली लाय तेव्हा चांगलीच तापायची.

ताण होता, पोलाद होतं, तापलेलं कॉस्टिक होतं. नानांची तिन्ही बोटं उघडली होती.

दुसऱ्या हिवाळ्यानंतर त्या नोझलखाली पांढरी पूड दिसू लागली. मिठासारखी, चुन्यासारखी. बाहेर पाझरलेली लाय सुकली की अशीच दिसते. तिथल्या एका कामगारानं ती दोनदा पुसली. तिसऱ्यांदा कुठून येते ते बघायला तो खाली वाकला आणि मान वर करून पाहू लागला. थेंब डोळ्यात पडला. पाण्यानं डोळा लगेच धुवायला हवा होता, आणि सलग बराच वेळ. नळ लांब होता. त्याचा डावा डोळा वाचला नाही.

कागद तपासायला मला नानांबरोबर तिकडे जावं लागलं. भेगा डोळ्यांना दिसतही नव्हत्या. नानांनी लाल रंगाचं द्रव लावलं, पुसून वर पांढरी पावडर फवारली, आणि वेल्डच्या कडेनं लाल जाळं उमटलं. झाडाला फांद्या फुटाव्यात तसं. मला काकूंची घागर आठवली. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग डेटाशीट मागितलं, वाचलं, तापमानाच्या ओळीवर एक बोट ठेवलं आणि कॉइलच्या ओळीवर दुसरं. दोन बोटांत चार इंचांचं अंतर होतं.

टाकी रिकामी करून पाण्यानं नीट धुतली, खराब भाग कापून काढला, नवं नोझल बसवलं आणि अख्खी टाकी भट्टीतून काढली. त्या वेळचा तक्ता मी फायलीला लावला तेव्हा हात जड झाला होता. हाच तक्ता दोन वर्षं आधी लागला असता, तर फरक भट्टीच्या एका खेपेच्या खर्चाचाच पडला असता.

त्यानंतर मी चौकशीच्या छापील अर्जात चार प्रश्न वाढवले. हिवाळ्यात टाकी गरम करता का? वाफेनं साफ करता का, आणि त्याआधी पाण्यानं धुता का? चालू करताना किंवा बंद करताना तापमान नेहमीपेक्षा वर जातं का? आत हवा, पाणी किंवा दुसरं काही शिरू शकतं का? साहेब म्हणाले, "कविराज, ग्राहक कंटाळेल." काही कंटाळलेही. पण अर्ज तसाच राहिला. 'प्रक्रियेची स्थिती' म्हणजे कारखाना सुरळीत चालताना जे असतं तेवढंच, असा आपला समज असतो. टाकीला मात्र सगळे दिवस सारखेच. धुण्याचा दिवस, बंद पडण्याचा दिवस, थंडीची पहाट, हे सगळं तिच्या आयुष्यातच मोजलं जातं.

त्या संहितेतही हे म्हटलेलं आहे. प्राणघातक द्रव्य असेल तर जाडी कमी असली तरी कार्बन पोलादाच्या पात्राला सर्वसाधारणपणे एस.आर. करायला ती सांगते. पण द्रव्य तसं आहे की नाही हे ठरवण्याची आणि कळवण्याची जबाबदारी ती वापरणाऱ्यावर टाकते. बनवणाऱ्याला पोटातलं कसं कळणार? जो भरणार त्यानं सांगायचं. आणि बनवणाऱ्यानं न कंटाळता विचारायचं.

दोन-तीन सावधगिरीच्या गोष्टी सांगतो, कारण ऐकणाऱ्यांत कारखान्यांत काम करणारे पुष्कळ असतील. भट्टीतून आलेल्या टाकीवर नंतर काहीही वेल्ड करू नका. शिडीची एक क्लीट, नावाच्या पाटीचा एक तुकडा, केबलचा एक आधार. "एवढंसं तर आहे" असं म्हणून जिथं तो टाका माराल, तिथं नवा ताण पुन्हा कोंडला जातो, आणि टाकीच्या बाकी अंगात नसलेला ताण त्या एका जागी बसतो. असे आधार लावायचेच असतील तर भट्टीच्या आधी लावा. जागेवर दुरुस्ती करावी लागली, तर विजेच्या पट्ट्या गुंडाळून तेवढा भाग तापवता येतो. पण तो पुरेसा रुंद आणि टाकीच्या पूर्ण घेरात तापवावा लागतो. नुसतं एका ठिकाणी गॅसचं नळकं धरलं, तर ताण जाण्याऐवजी वाढू शकतो.

आणि भट्टी म्हणजे सगळ्यांना लागू पडणारं औषध नव्हे. नेहमीचं ३०४ जातीचं स्टेनलेस स्टील या ६०० अंशांच्या आसपास धरून ठेवलं, तर त्याच्या कणांच्या सीमेवरचं क्रोमियम कमी होतं आणि ज्या गुणासाठी ते घेतलं तो गंजरोधक गुणच जातो. जरुरीपेक्षा जास्त वेळ तापवलं तर साधं पोलादही बळ गमावतं. अब्बा म्हणायचे, भांड्याला किती आंच द्यायची हे भांडंच सांगतं. पोलादाच्या बाबतीत ते जाणकार अभियंत्याला विचारायचं.

माझं आजचं सांगणं एवढंच. तुमच्या शीतगृहात, साखर कारखान्यात, दूध डेअरीत, लहानशा केमिकल युनिटमध्ये नवी टाकी घ्याल, किंवा जुन्या टाकीवर एखादं वेल्डिंग करायला माणूस बोलवाल, तेव्हा त्याला प्लेटची जाडी सांगून थांबू नका. आत काय असतं, किती तापतं, आणि वर्षातल्या सगळ्यात वाईट दिवशी काय होतं, तेही सांगा. आणि तुम्ही वेल्डर असाल, फॅब्रिकेटर असाल किंवा माझ्यासारखे नुसते टाइप करणारे असाल, तर रकाना रिकामा दिसला की विचारा. भरलेला दिसला तरी विचारा.

तो कामगार आमच्याच त्र्यंबक तालुक्यातला. ग्राहकानं त्याला पुढे हलकं काम दिलं. संध्याकाळच्या एस.टी.त तो मला अनेक वर्षं भेटत असे. पहिल्यांदा भेटला तेव्हा मी त्याला सांगितलं, की ते डेटाशीट मी टाइप केलं होतं. त्यानं ऐकून घेतलं. थोड्या वेळानं विचारलं, "भाई, त्यात काय लिहायचं राहिलं होतं?" मी सांगितलं, थंडीत तापवतात, एवढंच. तो म्हणाला, "ते तर मला ठाऊक होतं. वाफ मीच सोडायचो. मला कुणी विचारलंच नाही."

मी मात्र त्यानंतर प्रत्येक वेळी विचारलं. साहेबांना, ग्राहकाला, आणि जमलं तर वाफ सोडणाऱ्या माणसालाही.